कानातल्या कुंड्या

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहताना मला दर वेळी कान आठवतो. 1615 च्या सुमारास, मुघल सरदार अब्दुर रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारावर शहरात आणलं गेलं. वरून बोगदा दिसत नाही. दिसतात त्या थोड्याथोड्या अंतरावरच्या कुंड्या. डोकावलं की कळतं, पाणी इथवर पोचलंय.

आपल्या अंतर्कर्णातही शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी असते, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. तिच्या तोंडाशी तीक्ष्ण स्वर टिपले जातात, टोकाशी खर्ज. टिपणाऱ्या केसपेशी सुमारे 15,000; मेलेली एकही परत उगवत नाही. श्रवणचाचणी म्हणजे या बोगद्यातल्या कुंड्यांत एकेक करून डोकावणं: 250, 500, 1000, 2000, 4000, 8000 हर्ट्झ.

याच बऱ्हाणपुरात दिवसभर पॉवरलूम धडधडतात. त्या आवाजाचा मार आधी बसतो 4000 च्या कुंडीला. कानाची बाहेरची नळी 3000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपणहून वाढवते आणि इजा होते त्याच्या जरा वर. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण ‘स’ निसटतो. मग ‘सात’ आणि ‘आठ’ एकमेकांत मिसळतात.

अशा कारागिरासाठी टॅबलेटवर चाचणी रचायची तर पडद्यावर एकच मोठं बटण पुरे: आवाज आला की दाबा. सूचना लिहिलेल्या नकोत, बोललेल्या हव्यात, मराठीत, हिंदीत, उर्दूत. ऐकू आलं तर आवाज 10 डेसिबलने उतरवायचा, नाही आलं तर 5 ने चढवायचा. असं करत त्या कानाचा उंबरठा, म्हणजे त्याला जेमतेम ऐकू येणारा आवाज, सापडतो. खरी कारागिरी आहे ती दोन आवाजांमधल्या शांततेत. ती कधी लहान, कधी मोठी ठेवावी लागते, कारण मागाच्या ठेक्यावर वर्षानुवर्षं चाललेला हात ठेका ओळखून न ऐकताच बटण दाबेल! आवाज वाजताना पडद्यावर काही लुकलुकलं, तरी उत्तर फुटलंच.

या चाचणीला शांत खोली आणि मोजून जुळवलेले हेडफोन लागतात. पण दुसरी एक युक्ती मला विलक्षण वाटते. खरखरीत मिसळलेले तीन आकडे ऐकवायचे आणि ते पडद्यावर दाबायला सांगायचे. बरोबर आले की खरखर वाढवायची, चुकले की कमी करायची. इथे मोजतात ते आकडे आणि खरखर यांचं एकमेकांशी प्रमाण. म्हणून साधे इअरफोनही चालतात, आवाज थोडा कमीजास्त असला तरी बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं 2019 मधलं ‘हिअरडब्ल्यूएचओ’ अ‍ॅप याच तत्त्वावर उभं आहे.

माझ्या मते अ‍ॅपने पहिला प्रश्न मात्र वेगळाच विचारावा: ‘आत्ताच पाळी संपवून आलात का?’ दिवसभराच्या गोंगाटाने कान तात्पुरता थकतो, आहे त्याहून बहिरा भासतो. उत्तर ‘हो’ आलं, तर चाचणी तिथेच थांबवून म्हणावं: ‘काका, आज राहू द्या. उद्या सकाळी माग सुरू करण्याआधी या.’