पेटी कुणाकडे, किल्ली कुणाकडे?



गट सुरू झाला तेव्हा पैशाच्या पेटीबद्दल आपण काय शिकलो? पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या घरी. कुणावर अविश्वास म्हणून नाही, तर उद्या कुणावर बोल येऊ नये म्हणून. आता वह्यांच्या जोडीला ईमेल आला, ऑनलाइन शीट आली. तिथे मात्र हा नियम लावायचा राहून गेला.

मार्चअखेरीची गोष्ट आहे. एका ग्रामसंघाने थकबाकीची यादी ऑनलाइन शीटमध्ये भरली. नाव, मोबाईल, खाते नंबर, कर्ज कशासाठी घेतलं, किती हप्ते थकले, सगळं. शेअर करताना ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय तसाच राहिला. लिंक आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून फिरत फिरत गावाच्या ग्रुपवर गेली. एका ताईने माहेरच्या आजारपणासाठी कर्ज घेतलं होतं, घरी सांगितलं नव्हतं. सासरच्यांनी ते मोबाईलवर वाचलं. ताई पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही.

यात कोणत्या कंपनीने चोरी केली नव्हती. दार आपणच सताड उघडं ठेवलं होतं. त्यामुळे ‘कोणतं ईमेल चांगलं?’ असं विचारणाऱ्या ताईंना मी आधी एकच सांगते, आज जे वापरताय त्याची कडी लावा. शीटचं शेअरिंग ‘रिस्ट्रिक्टेड’ करा आणि ज्या दोघी-तिघींना खरंच गरज आहे त्यांचेच ईमेल पत्ते त्यात घाला. ‘कर्ज कशासाठी’ हा रकाना वरच्या कार्यालयाने मागितला नसेल तर भरूच नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याचं तत्त्वही हेच आहे, की ज्या कामासाठी माहिती घेतली त्या कामापुरतीच ती वापरायची.

आता सेवेची निवड. इथे दोन गोष्टी बघायच्या. कंपनीचं पोट कशावर भरतं, आणि किल्ली कुणाकडे राहते.

जीमेल 2004 साली आलं आणि आपल्यापैकी बहुतेकींचं खातं तिथेच आहे. फुकट आहे, 15 जीबी जागा मिळते, मराठीत चालतं. पण गूगलची मोठी कमाई जाहिरातींची आहे. पूर्वी जाहिराती ठरवण्यासाठी मेलमधला मजकूरही यंत्राकडून तपासला जायचा. तो वापर बंद करत असल्याचं कंपनीने 2017 मध्ये जाहीर केलं. तरी पेटीही त्यांच्याकडे आणि किल्लीही त्यांच्याकडे, हे खरंच.

झोहो ही चेन्नईची कंपनी. मेल, शीट, लिहायचं पान असं सगळं ऑफिस तिच्याकडे मिळतं. ती जाहिराती दाखवत नाही, पैसे भरणाऱ्या कंपन्या आणि संस्था यांच्यावर चालते. मात्र साध्या मेलची किल्ली तिच्याकडेही असतेच.

तिसरा प्रकार वेगळा आहे. स्वित्झर्लंडची प्रोटॉन (हिचं मेल 2014 साली सुरू झालं) किंवा जर्मनीची टुटा, यांच्याकडे मेलला असं कुलूप लागतं की किल्ली फक्त आपल्याकडे. कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. याला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात. ऐकायला छान वाटतं, पण दोन अडचणी आधीच समजून घ्या. आपण प्रोटॉनवरून बँकेच्या साध्या ईमेलवर पत्र पाठवलं तर बँकेकडची प्रत साधीच राहते, तिला हे कुलूप नसतं. आणि पासवर्ड विसरलात तर जुनी पत्रं कंपनीलाही उघडून देता येत नाहीत. त्यासाठी रिकव्हरीचे शब्द आधीच कागदावर उतरवून ठेवावे लागतात. ते शब्द कुणाच्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवू नका. बंद पाकिटात घालून ग्रामसंघाच्या कपाटात ठेवा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, बँकेत आणि पंचायत समितीत जो ईमेल दिलेला आहे तो घाईने बदलू नका. पत्र चुकलं तर मंजुरी लांबते. नवीन खातं काढायचंच असेल तर झोहो किंवा प्रोटॉन बघा. आणि आधार, खाते नंबर, थकबाकी असल्या याद्या ऑनलाइन ठेवूच नका. लॅपटॉपवर लिबरऑफिस फुकट बसवता येतं, नेट लागत नाही. फाईल सेव्ह करताना ‘पासवर्डसह सेव्ह’ अशी खूण करायची सोय त्यात आहे. हा पासवर्ड दोघींना माहीत हवा, कारण तो हरवला तर फाईल कुणालाच उघडता येत नाही.

एक प्रश्न मात्र कोणत्याही कंपनीपेक्षा मोठा आहे. संघाचा ईमेल कुणाच्या मोबाईल नंबरवर काढलाय? बऱ्याच ठिकाणी डेटा भरणाऱ्या ताईच्या, नाहीतर तिच्या भावाच्या नंबरवर असतो. ताईचं लग्न झालं, ती दुसऱ्या गावी गेली, की संघाचं दप्तर तिच्यासोबत गेलं. संघाच्या नावाचं वेगळं सिम घ्या, तोच रिकव्हरी नंबर ठेवा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. पदाधिकारी बदलल्या की त्याच बैठकीत पासवर्ड बदला आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्या. गूगलचं खातं दोन वर्षं उघडलंच नाही तर ते काढून टाकलं जाऊ शकतं, म्हणून अधूनमधून उघडत चला.

सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात ईमेल उघडलात तर उठण्याआधी लॉगआउट करा. प्रिंटसाठी दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आधारचा फोटो त्याच्यासमोरच दोन्ही बाजूंनी डिलीट करून घ्या. आणि जिथे चालत असेल तिथे मास्क केलेलं आधार द्या. आधारच्या संकेतस्थळावरून ते उतरवता येतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात.