भरती, चौविहार आणि आकाशगंगा

देवगड तालुक्याच्या किनाऱ्यावर फेब्रुवारीच्या अखेरीस सूर्य पावणेसातच्या आगेमागे मावळतो. छायाचित्रकाराला त्यापूर्वीचा पाऊण तास हवा असतो. उन्हाची धार बोथट होते, जांभ्याचा कातळ तांबूस दिसू लागतो आणि ओल्या पुळणीवर आकाश उतरते. चौविहार पाळणाऱ्या श्रावकाला हाच पाऊण तास ताट आवरून, शेवटचे पाणी पिऊन पच्चक्खाण घेण्यासाठी लागतो. एकच वेळ दोघांना हवी. किनाऱ्यावर होणाऱ्या निसर्ग व रात्र-आकाश छायाचित्रणाच्या कार्यशाळेत जैन कुटुंबातील कोणी नाव नोंदवले, की कॅमेऱ्याच्या आधी हा प्रश्न पुढे येतो.

अशा कार्यशाळा अलीकडे कोकणात होऊ लागल्या आहेत. दोन किंवा तीन रात्री, सहा ते आठ माणसे, एक मार्गदर्शक आणि एखाद्या घरगुती निवासात मुक्काम, असे त्यांचे स्वरूप असते. संख्या मुद्दाम कमी ठेवलेली असते, आणि त्यामागे कारण आहे. ताऱ्यांच्या छायाचित्रासाठी कॅमेऱ्याचा पडदा वीस-पंचवीस सेकंद उघडा राहतो. त्या अवधीत कोणी मोबाईल पेटवला तर त्याच्या एकट्याचे नव्हे, शेजारच्या सगळ्यांचे चित्र वाया जाते. सहा माणसांत ही शिस्त राहते, वीस माणसांत राहत नाही. शिवाय सहा माणसांचा स्वयंपाक घरच्या चुलीवर दिवसाउजेडी होऊ शकतो, ही आपल्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट.

येथे ज्या कार्यशाळेची हकिगत द्यायची आहे तीत सहा जण होते. त्यांपैकी चार व्यापारी घराण्यांतील होते आणि त्या चारांत बार्शीच्या एका धान्य व्यापाऱ्याची नात आणि तिचे एकाहत्तर वर्षांचे आजोबा होते. नात दुकानाचे हिशेब पाहते. आजोबांकडे कॅमेरा नव्हता. नातीला एकटीला रात्री समुद्रावर पाठवायचे नाही, असे घरात ठरले, म्हणून ते सोबत आले. आजीची अट त्याहून साधी होती: नियम मोडायचा नाही, मग कुठेही जा.

तारखा ठरवण्यापासूनच नियमाचा विचार करावा लागला. आकाशगंगेचे चित्र घ्यायचे तर चंद्र नको, म्हणून सर्वसाधारण कार्यशाळा अमावास्येला गाठून, बहुधा तिच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत ठेवतात. त्यात चतुर्दशी हमखास सापडते. त्या दिवशी अनेक घरांत हिरवी भाजी वर्ज्य असते, आणि सायंकाळी पाक्षिक प्रतिक्रमण असते, तेही नेमके सूर्यास्ताच्या वेळी. मार्गदर्शकाला हे सांगितल्यावर त्याने पंचांग उघडून वेगळा मार्ग काढला. शुक्ल पक्षातील द्वितीया ते पंचमी हे दिवस त्याने निवडले. या तिथींना कोर संध्याकाळी दिसते आणि लवकर मावळते. पंचमीचा चंद्रही साडेदहाच्या सुमारास क्षितिजाखाली जातो. पहाटेचे आकाश मग पूर्ण काळोखे मिळते, आणि संध्याकाळी कोरीच्या मंद उजेडात कातळाचे तपशीलही टिपता येतात. छायाचित्रणाच्या हिशेबानेही हे दिवस कमी प्रतीचे नाहीत. किंबहुना चतुर्दशीची कोर पहाटेच उगवते आणि ऐन वेळी आकाश फिकट करते, हे लक्षात घेतले तर अधिक सोयीचेच आहेत.

पहाटच का, हे सांगायला हवे. आपल्या आकाशगंगेचा मध्यभाग, म्हणजे तिचा सर्वांत दाट व तेजस्वी पट्टा, धनु आणि वृश्चिक राशींच्या बाजूला आहे. तारे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात. त्यामुळे हा भाग फेब्रुवारीच्या अखेरीस पहाटे अडीचनंतर, तर एप्रिलच्या मध्यास रात्री साडेअकराच्या सुमारास क्षितिजावर येतो. जूनपासून कोकणात ढग असतात. दिवाळीच्या सुमारास तो संध्याकाळीच नैर्ऋत्येला समुद्रावर कललेला दिसतो आणि अमावास्येचा काळोखही असतो. पण निर्वाणकल्याणक आणि चोपडापूजन सोडून त्या रात्री किनाऱ्यावर उभा राहील असा व्यापारी विरळा. राहता राहिले फेब्रुवारी ते मे. एका बाबतीत मात्र आपला किनारा भाग्यवान आहे. लंडनमधून हा मध्यभाग क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर येतो, देवगडहून तो ४४ अंशांपर्यंत चढतो. युरोपातील हौशी लोक ज्यासाठी दक्षिणेकडे प्रवास करतात, ते येथे घराच्या अंगणातून दिसू शकते.

फेब्रुवारीत हा पट्टा आग्नेयेला, म्हणजे डोंगराच्या बाजूला उगवतो. त्यामुळे समुद्रावर आलेले छायाचित्रकार समुद्राकडे पाठ करून उभे राहतात, हे पाहून गावातल्या लोकांना गंमत वाटते.

समुद्राकडे पाठ करायची तर भरतीचे वेळापत्रक पाठ असलेच पाहिजे. येथे आजोबांचा उपयोग झाला. मार्गदर्शकाने मोबाईलवर भरती-ओहोटीचा तक्ता दाखवला. निवासाच्या यजमानांनी मात्र कोकणातला जुना ठोकताळा सांगितला: तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता, आणि अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. आजोबा लहानपणी पेढीवर पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेले. त्यांनी लगेच सांगितले, "तृतीयेला सव्वादोन." तक्त्यातली वेळ त्याच्या आसपासच होती. पहाटे अडीचला खाली उतरण्याचा बेत त्यामुळे साडेतीनवर गेला. अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाणाचे पाणी अजून जोरात असते. पुळणीवरच्या ओल्या खुणेच्या वरच तिवई लावावी, आणि कातळावर पाणी ओसरू लागल्यावरच पाय ठेवावा, हे दोन नियम मार्गदर्शकाने पहिल्याच दिवशी घालून दिले.

आता जेवणाचा भाग. कोकणातील घरगुती निवासात मासळी शिजते, हे गृहीत धरूनच चौकशी करावी लागते. येथे यजमानीण बाईंनी भांडी वेगळी ठेवली आणि पाणी उकळून गार केले. घावणे, नारळाचे दूध, कुळथाचे पिठले आणि केळफुलाची भाजी त्यांनी सव्वापाचला वाढली. कांदा-लसणाविना सोलकढी करून पाहिली तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "अशी पण चांगली लागते की!" पावणेसहाला जेवणे आटोपून मंडळी किनाऱ्यावर पोहोचली. साडेसहाला शेवटचे पाणी. त्यानंतर सूर्यास्ताची चित्रे घेताना कोणालाही नियमाची घाई नव्हती.

अडचण पुढे होती. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत, तेरा तास होतात. त्यांतले चार-पाच तास दमट वाऱ्यात जागे राहायचे. बाकीचे सहभागी पहाटे चहाचा थर्मास उघडतात आणि वास सगळीकडे पसरतो. नातीने चौविहार तिन्ही दिवस पाळला. दुसऱ्या एका व्यापारी दांपत्याने मार्गदर्शकाच्या आग्रहाने रात्री पाणी घेतले. येथे कोणाला मोठे-लहान ठरवण्याचे कारण नाही. ज्याला रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे आहेत त्याने वैद्यांना व गुरूंना आधी विचारावे. वाळूवर चक्कर आल्यावर विचार करू नये. जो पाळणार आहे त्याने दुपारी झोप घ्यावी. रात्री साडेआठ ते अडीच झोप मिळते तेवढी पुरत नाही.

पहाटे साडेतीनला मंडळी माडांच्या आडोशाने खाली उतरली. कपाळावर तांबडे दिवे होते. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या दिव्याच्या एका झोताने तो सराव मोडतो. तांबडा मंद प्रकाश त्या मानाने कमी त्रास देतो, आणि त्याच्याकडे किडेही कमी येतात. रात्रिभोजनत्यागामागे दिव्याभोवती जमणाऱ्या जीवांचा जो विचार आहे, तोच येथे वेगळ्या वाटेने पाळला जातो. पुळणीवर रात्री कुर्ल्या बाहेर पडलेल्या असतात. चार हात जमीन पाहून पाऊल टाकणे ही साधूंची इर्यासमिती. त्या पहाटे सहाही जणांनी ती पाळली, जैन असोत वा नसोत, कारण तिवईचा पायदेखील बघूनच रोवा, असे मार्गदर्शकाचे सांगणे होते.

तांत्रिक भाग तसा अवघड नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून पडदा फार वेळ उघडा ठेवला तर तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतात. त्यासाठी ५०० या आकड्याला लेन्सच्या नाभीय अंतराने भागतात. २० मिलीमीटरची लेन्स असेल तर २५ सेकंद. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात याहून कमी, सुमारे दीडपटीने भागावे. छिद्र एफ २.८, आयएसओ ३२००, आणि फोकस स्वयंचलित नव्हे तर एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर हाताने. दव हा खरा शत्रू आहे. फेब्रुवारीच्या पहाटे लेन्सच्या काचेवर दव धरते आणि चित्र धूसर होते, ते घरी आल्यावरच कळते. दर दहा मिनिटांनी काच पाहावी. खाऱ्या वाऱ्याचा थर त्याच दिवशी किंचित ओल्या, मऊ कापडाने पुसावा.

साडेचारच्या सुमारास पट्टा टेकडीच्या चांगलाच वर आला. आजोबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्यांनी लहानपणी बार्शीला माळवदावर झोपून हा पट्टा पाहिला होता, पुढे पन्नास वर्षांत तो दिसेनासा झाला, आणि आपले डोळे गेले असेच ते समजून चालले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्र, तारा असे ज्योतिष्क देवांचे पाच प्रकार त्यांनी नातीला बोटांवर मोजून सांगितले, आणि त्यांतले आता आकाशात किती आहेत असे विचारले. तिने चंद्र आणि सूर्य वजा केले. तिचा कॅमेरा तेवढा वेळ थांबला होता.

डोळे गेले नव्हते, काळोख गेला होता. हे नुकसान कोणत्याही खात्यावर दिसत नाही. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, लडाखमध्ये हानले येथे असे राखीव क्षेत्र आहे. किनाऱ्याला असे संरक्षण नाही. उत्तरेला रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली जातात. अंड्यांतून निघालेली पिल्ले उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे चालतात, आणि नैसर्गिक काळोखात ते क्षितिज समुद्राचे असते. किनाऱ्यावर हॉटेलचे झगझगीत दिवे असले तर ती उलट दिशेला जातात आणि मरतात. अहिंसेचा विचार करणाऱ्या समाजाने दिव्यांचा विचार करायला हे एवढे कारण पुरेसे आहे. कोकणात जागा घेऊन निवास किंवा बंगले बांधणारी आपली मंडळी कमी नाहीत. दिव्याला वरून झाकण, पिवळसर प्रकाश आणि रात्री दहानंतर बंद करणारे बटण, यांचा खर्च बांधकामाच्या मानाने नगण्य आहे.

खर्चाचा विषय निघालाच आहे तर कॅमेऱ्याबद्दल. वर्षातून चार रात्री वापरायची वस्तू लाखभर रुपये गुंतवून घेणे हा व्यवहार नव्हे. तिचे मूल्य दरवर्षी उतरते. मोठ्या शहरांत रुंद कोनाच्या लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. पहिली दोन वर्षे भाड्याने चालवावे, चांगली तिवई मात्र स्वतःची घ्यावी. पैसे भरण्यापूर्वी ढग आल्यास काय, हे लेखी घ्यावे.

एक गोष्ट जुन्या पिढीला ठाऊक असेल, नव्या पिढीला नसेल. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या काचेची पद्धत मांडली. तेव्हापासून छायाचित्रणाची फिल्म आणि प्रयोगशाळेत छापला जाणारा कागद यांत जिलेटिन, म्हणजे जनावरांची हाडे व कातडी यांपासून काढलेला पदार्थ, असतो. डिजिटल सेन्सरमध्ये तो लेप लागत नाही. छपाई करताना मात्र विचारून घ्यावे: रासायनिक पद्धतीच्या कागदात जिलेटिन येतेच, शाईच्या छपाईसाठी त्याविना केलेले कागद मिळतात. कॅमेऱ्याचा पट्टाही चामड्याचा नको असेल तर कापडी सहज मिळतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला उकळलेले पाणी घेऊन मंडळी पडवीत बसली आणि पुढच्या कार्यशाळेची चर्चा निघाली. चैत्र शुद्ध द्वितीया मार्चअखेरीला येत होती. चारही व्यापाऱ्यांनी एकदम मान हलवली, त्या आठवड्यात हिशेब सोडून येणे शक्य नव्हते. वैशाखात अक्षय्यतृतीयेला बार्शीत आजीच्या वर्षीतपाचे पारणे आहे. म्हणून नातीने वैशाख शुद्ध पंचमी-षष्ठीला नाव नोंदवले. तेव्हा आकाशगंगेचा मध्यभाग अकराच्या आतच उगवतो, चंद्र मध्यरात्रीपर्यंत मावळतो. षष्ठीची भरती किती वाजता, हे तिने आजोबांना न विचारता वहीत लिहिले: साडेचार.