बोट ओढू नका

गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल असो की आमखास मैदान, बोटाला चेंडू लागला की उपचार ठरलेला. कुणीतरी सिनियर पुढे येतो, "दाखव रे" म्हणतो आणि बोट धरून खटकन ओढतो. वरून स्प्रे मारला की गडी पुन्हा मैदानात. बहुतेकदा निभावतं. निभावत नाही तेव्हा बोट जन्मभर वाकडं राहतं.

आपल्या बोटांत स्नायू नसतातच. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात आणि काही छोटे तळहातात असतात. तिथून निघालेल्या चिवट दोऱ्या, म्हणजे कंडरा, पेरांना ओढतात. बोटाच्या टोकाला सरळ करणारी कंडरा तर अगदीच पातळ. झेल घेताना किंवा व्हॉलीबॉल अडवताना ताठ बोटाच्या टोकावर चेंडू आदळला, की टोक झटक्यात दुमडतं आणि ती कंडरा तुटते. कधी हाडाचा कपचाही सोबत घेऊन निघते. याला डॉक्टर 'मॅलेट फिंगर' म्हणतात. दुखणं कधीकधी इतकं किरकोळ असतं की पोरं आठ-आठ दिवस दाखवतच नाहीत.

ओळख सोपी आहे. मधलं पेर दुसऱ्या हाताने धरा आणि टोक सरळ करून बघा. ते लोंबकळत राहिलं, तर कंडरा गेली. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. फक्त शेवटचा सांधा स्प्लिंटमध्ये सरळ ठेवायचा, सहा ते आठ आठवडे, रात्रंदिवस. खरी परीक्षा इथेच आहे. कंडरेला रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे तुटलेली टोकं सावकाश सांधतात. पाचव्या आठवड्यात भाकरी मोडताना टोक एकदा वाकलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून!

उलटा प्रकार अधिक घातक. पळत्या खेळाडूचा शर्ट पकडला आणि तो निसटला, की टोक वाकवणारी कंडरा तुटू शकते. बळी बहुधा अनामिकेचा. ही कंडरा आखडून थेट तळहातापर्यंत सरकू शकते, म्हणून शस्त्रक्रिया आठ-दहा दिवसांत व्हावी लागते. महिन्याने गेलात तर डॉक्टरांच्याही हातात फारसं उरत नाही.

७ डिसेंबर २०२२ ला मीरपूरमध्ये बांगलादेशविरुद्धच्या वनडेत रोहित शर्मा दुखावलेला अंगठा घेऊन नवव्या क्रमांकावर उतरला आणि २८ चेंडूंत नाबाद ५१ धावा कुटल्या. ती खेळी सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतरच्या दोन्ही कसोटी तो खेळला नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. तो परतला तो थेट जानेवारीत, गुवाहाटीला. आपल्या भागातली पोरं ज्या महाराष्ट्राच्या संघाचं स्वप्न बघतात, त्या संघाच्या ऋतुराज गायकवाडलाही डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अनामिकेच्या दुखापतीमुळे कसोटी मालिका सोडावी लागली. माझ्या मते शिकायचं ते या विश्रांतीतून, त्या २८ चेंडूंतून नव्हे.

मग परत कधी उतरायचं? कॅलेंडर बघून नाही. मूठ पूर्ण वळते का, घट्ट आवळल्यावर दुखतं का, पकड दुसऱ्या हाताच्या जवळपास आली का, हे आधी बघायचं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा हात मुळातच थोडा जोरकस असतो, एवढी सूट धरायची. झेल आधी स्पंजच्या चेंडूने, लेदर बॉल नंतर. आणि सुरुवातीचे काही आठवडे दुखरं बोट शेजारच्या बोटाला टेपने बांधून. मधला सांधा दुखावला असेल, तर त्याची सूज मात्र कित्येक महिने राहू शकते. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही.

पुढच्या रविवारी मैदानावर कुणाचं बोट वेडंवाकडं दिसलं, तर आधी अंगठी काढा, कापडात गुंडाळून बर्फ लावा आणि बोट आहे त्या स्थितीत आधार देऊन घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे एक्स-रे काढायला न्या. ओढणाऱ्या सिनियरला लांब ठेवा.