एका आज्ञेत उघडणारे दुकान
‘डेनो सर्व्ह’ म्हणजे काय आणि प्रोग्राम करून घेताना काय विचारावे?

आपले अनेक व्यापारी आणि कारागीर बांधव आता ऑर्डरी आणि मालाचे दर यांसाठी छोटे प्रोग्राम करून घेतात. बिलात ‘सर्व्हर लावणे’ अशी एक रक्कम असते. ती कशाची, हे फारसे कोणी विचारत नाही. मे २०२४ मध्ये संगणकाच्या जगात एक छोटा बदल झाला. त्यातून या प्रश्नाचा चांगला उलगडा होतो, म्हणून तो येथे देत आहोत.

वेब सर्व्हर म्हणजे गल्ल्यावर बसलेला माणूस. गिऱ्हाईक दारात येऊन मागणी करते, तो आत पाहून उत्तर देतो. जावास्क्रिप्ट ही मूळची ब्राउझरमध्ये चालणारी भाषा. ब्राउझरबाहेर ती चालवणाऱ्या साधनाला रनटाइम म्हणतात. रायन डाल यांनी २००९ मध्ये ‘नोड’ हे रनटाइम आणले. त्यातील उणिवा त्यांनीच २०१८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत मांडल्या आणि ‘डेनो’ हे नवे रनटाइम पुढे केले.

डेनोच्या १.४३ आवृत्तीत ‘सर्व्ह’ ही आज्ञा आली. पूर्वी गल्ला मांडण्याच्या ओळी प्रोग्राममध्येच लिहाव्या लागत. आता प्रोग्रामने ‘फेच’ नावाचे एकच काम करायचे : मागणी घ्यायची, उत्तर द्यायचे. दार उघडून बसणे हे रनटाइमचे काम. दाराचा क्रमांक सांगितला नाही, तर तो ८००० धरला जातो.

यात फायदा कोणता?

पहिला फायदा किल्ल्यांचा. डेनोमध्ये परवानगीवाचून प्रोग्रामला फाइली वाचता येत नाहीत, की बाहेर संपर्क करता येत नाही. ‘सर्व्ह’ आज्ञा त्याला फक्त त्या एका दारावर बसण्याची मुभा देते. तिजोरीची किल्ली मागायची तर वेगळी मागावी लागते.

दुसरा फायदा जागा बदलण्याचा. ‘फेच’ची हीच पद्धत ‘बन’ हे दुसरे रनटाइम आणि ‘क्लाउडफ्लेअर वर्कर्स’ ही सेवाही वापरते. भाडे वाढले किंवा सेवा पटेनाशी झाली, तर प्रोग्राम थोड्या दुरुस्तीने दुसरीकडे नेता येतो. मात्र त्यात डेनोच्याच खास सोयी वापरल्या असतील, तर तेवढा भाग नव्याने लिहावा लागेल. एकाच पुरवठादाराच्या हाती सापडणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. पीएचपी भाषेतही २०१२ पासून असा अंगचा सर्व्हर आहे. पण तो चाचणीपुरता. सार्वजनिक जाळ्यावर वापरू नये, असे तिच्या माहितीपुस्तिकेतच बजावले आहे. डेनोच्या आज्ञेमागे मात्र रोजच्या वापरासाठीचाच सर्व्हर आहे.

सावधगिरी

आज्ञा एका ओळीची झाली म्हणून सगळे काम संपत नाही. वेबसाइटचे नाव, जागेचे भाडे, गिऱ्हाइकांचे पासवर्ड, हिशेबाची रोजची नक्कल यांतले काहीही ही आज्ञा करत नाही. शिवाय काही न सांगितल्यास हे दार संगणकाच्या सर्व जोडण्यांवर उघडते. म्हणजे दुकानाच्या वायफायवर बसलेल्या दुसऱ्या मोबाइलवरूनही ते दिसू शकते. उधारीची वही त्यामागे असेल, तर हे धोक्याचे आहे. चाचणी आपल्याच संगणकापुरती ठेवायची, तर तसा पत्ता आज्ञेत द्यावा लागतो.

म्हणून प्रोग्राम करून देणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. प्रोग्रामला कोणकोणत्या परवानग्या दिल्या आहेत? तो उद्या दुसरीकडे हलवायचा झाल्यास काय बदलावे लागेल? आणि ‘सर्व्हर लावणे’ या रकमेत नेमकी कोणती कामे धरली आहेत? उत्तरे कागदावर घ्यावीत आणि मगच बयाणा द्यावा.