लोणी रवीने निघते, जंतू उकळीने मरतात

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा रवी पहाटेच फिरवावी लागते. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ गाईंचा मुलूख. इथल्या गोपालकांच्या घरी हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुधातील स्निग्धांशाच्या बारीक कणांभोवती पातळ आवरण असते. घुसळताना ते फाटते, कण एकमेकांना चिकटतात आणि लोणी वर येते. स्निग्धांश फार वितळलेला असेल तर गोळा जमत नाही; फार घट्ट असेल तर कण चिकटत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात माठातले गार पाणी घालायचे आणि थंडीत कोमट.

आयर्लंडच्या खेड्यांत पूर्वी न तापवलेल्या दुधाची साय आंबवून लाकडी पिंपात घुसळत. आपल्याकडे बहुतेक घरी दूध आधी तापवतात, मग विरजतात. आरोग्याच्या दृष्टीने हीच पायरी मोलाची. दह्याच्या आंबटपणाने सगळे जंतू मरतात, हा समज चुकीचा आहे.

कच्च्या दुधातून आणि त्याच्या लोण्यातून ‘ब्रुसेलोसिस’ हा आजार माणसाला होऊ शकतो. येऊन-जाऊन राहणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर व सांधे दुखणे ही त्याची लक्षणे. तो आठवडेच्या आठवडे रेंगाळतो आणि टायफॉइड किंवा क्षयरोग वाटून निदान लांबते. घरी जनावरे आहेत, गाय गाभडली होती, हे रुग्णाने डॉक्टरांना आपणहून सांगावे. रक्ताच्या तपासणीने निदान होते आणि किमान ६ आठवडे औषधे पूर्ण घेतल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. गाभडलेल्या गाईचा जार उघड्या हाताने उचलू नये. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना पशुवैद्यकीय दवाखान्यात या रोगाची लस टोचून घ्यावी.

दुसरा धोका पाण्याचा. दूध उकळले, पण ताकात विहिरीचे गढूळ पाणी किंवा बाजारचा बर्फ घातला, तर जुलाब ठरलेले. पाणी उकळून गार केलेलेच हवे.

लोणी काढलेल्या ताकात स्निग्धांश फार थोडा उरतो, त्यामुळे मधुमेहींनाही ते चालते. रक्तदाब असेल तर मीठ मात्र बेताचे. लोण्यात सुमारे ८० टक्के चरबी असते. पोळीवर गोळा नको, चमचाभर पुरे.