बायसेप्सचं टेंडन तुटलं तर : वजन उचलणाऱ्यांनी घाई कुठे करावी आणि कुठे करू नये

जड वजन उचलताना कोपराच्या पुढच्या बाजूला ‘टप्’ असा आवाज झाला, क्षणभर जोरात कळ आली आणि हातातला जोर गेला, तर ती नुसती ‘नस ओढली गेली’ असं समजू नका. बायसेप्सचं टेंडन हाडापासून सुटलेलं असू शकतं. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. ते सुटल्यावर पहिली कळ बहुतेकदा तासाभरात, फार तर एक-दोन दिवसांत कमी होते, आणि इथेच माणूस फसतो. दुखणं कमी झालं, हात वाकतोय, मग बर्फ लावू, दोन-तीन आठवडे विश्रांती घेऊ आणि बघू, असा विचार होतो. पण नेमके हेच दोन-तीन आठवडे महत्त्वाचे असतात.

या दुखापतीत व्यायाम करणारी मंडळी बहुतेक वेळा घाई चुकीच्या जागी करतात. डॉक्टरकडे जायला उशीर करतात आणि ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात जिममध्ये परतायची घाई करतात. खरं तर हे अगदी उलट व्हायला हवं.

नेमकं काय तुटतं?

बायसेप्सला वरच्या बाजूला, म्हणजे खांद्याकडे, दोन टेंडन असतात आणि खाली कोपराकडे एकच. बायसेप्सच्या तुटण्यात सर्वांत जास्त प्रमाण खांद्याकडच्या लांब टेंडनचं असतं. हे साधारणपणे वय वाढलेल्या, खांदा आधीपासून दुखत असलेल्या लोकांत होतं. दंडातली बेटकुळी खाली, कोपराच्या दिशेला घसरलेली दिसते. दुसरं टेंडन शाबूत असल्यामुळे ताकद फारशी जात नाही आणि बऱ्याच जणांना ऑपरेशनची गरजही पडत नाही.

कोपराकडचं टेंडन तुटणं तुलनेने कमी आढळतं, पण वजन उचलणाऱ्यांच्या बाबतीत खरी काळजी त्याचीच असते. इथे बेटकुळी वर, खांद्याच्या दिशेला सरकते आणि कोपराच्या वर खळगा पडल्यासारखा दिसतो. एक-दोन दिवसांत कोपराच्या पुढे आणि आतल्या बाजूला काळं-निळं पडतं. ही दुखापत मुख्यतः ३० ते ६० या वयातल्या पुरुषांना होते. पुढचं सगळं या खालच्या टेंडनबद्दल आहे.

‘हात वाकतोय, म्हणजे तुटलेलं नाही’ हा समज चुकीचा आहे. कोपर वाकवायचं मुख्य काम बायसेप्सच्या खाली असलेला ब्रेकिॲलिस हा स्नायू करतो, आणि तो शाबूत असतो. बायसेप्सचं खरं वैशिष्ट्य म्हणजे तळहात वरच्या दिशेला फिरवणं. उजव्या हाताने कुलपात किल्ली फिरवणं, स्क्रू घट्ट करणं, बरणीचं झाकण पिरगाळणं यात तो जोर लागतो. टेंडन तुटल्यावर कोपर वाकेल, पण पाना फिरवताना हात लगेच थकेल.

हे होतं कसं?

टेंडन तुटतं ते बहुतेकदा वजन वर घेताना नाही, तर वाकवलेलं कोपर वजनामुळे अचानक सरळ खेचलं जातं तेव्हा. स्नायू आकसायचा प्रयत्न करतोय आणि भार त्याला ताणतोय, अशी ती रस्सीखेच असते. डेडलिफ्टमध्ये एक तळहात अंगाकडे आणि दुसरा समोर ठेवून रॉड धरण्याची पद्धत आहे. जिममध्ये तिला मिक्स्ड ग्रिप म्हणतात. यात समोर तळहात असलेल्या हाताचं टेंडन आधीच ताणावर असतं. रॉड उचलताना ते कोपर जरा जरी वाकलं, तरी पाठीचा आणि पायांचा सगळा जोर त्या एका दोरीवर येतो. ट्रकचा टायर उलटवणे, तळहात समोर ठेवून रॉड रोइंग करणे, जड प्रीचर कर्लमध्ये वजन खाली सोडणे, या सगळ्यात तीच गत. बॉडीबिल्डर डोरियन येट्स याचा डावा बायसेप्स १९९४ मध्ये असाच रोइंग करताना फाटला होता. (ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमध्ये दोन्ही तळहात अंगाकडेच असतात. त्यामुळे तिथे ही दुखापत फारशी दिसत नाही. गुडघे आणि खांदे मात्र तिथेही सुटत नाहीत.)

धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका बराच जास्त असतो. एका अभ्यासात तो साधारण साडेसात पट आढळला होता. दुसरी गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. जिममध्ये कोणी ‘कोर्स’ म्हणून दिलेली ॲनाबॉलिक स्टेरॉइडची इंजेक्शनं स्नायू झपाट्याने वाढवतात, टेंडन त्या वेगाने वाढत नाही. दोरी तीच आणि तिला जोडलेला बैल मोठा, असा प्रकार होतो. अशी इंजेक्शनं घेतली असतील तर डॉक्टरांना आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही जरूर सांगा. तुम्हाला बोल लावण्यासाठी नाही, तर रक्तदाब, हृदय आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आधी तपासायला हवा म्हणून ते विचारतात.

घरी काय बघता येईल?

एक साधी तपासणी आहे, डॉक्टरही तीच करतात. दुखऱ्या हाताचं कोपर काटकोनात वाकवा आणि तळहात स्वतःच्या चेहऱ्याकडे पूर्ण वळवा. आता दुसऱ्या हाताची तर्जनी कोपराच्या घडीत बाहेरच्या, म्हणजे अंगठ्याच्या बाजूने आत घालून आकड्यासारखी अडकवून बघा. टेंडन शाबूत असेल तर ताणलेल्या दोरीसारखं बोटाला अडकतं. काहीच अडकलं नाही, तर तुटलेलं असण्याची शक्यता खूप जास्त. हीच तपासणी चांगल्या हातावर करून फरक बघा. बोट आतल्या बाजूने घालू नका, कारण तिथला एक पातळ पडदा हाताला लागतो आणि टेंडन आहे असं वाटून फसगत होते.

दोरी अडकते आहे पण दुखतं आहे, तर ते अर्धवट फाटलेलं असू शकतं. तेव्हा सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. किती टक्के फाटलं आहे यावर पुढचे उपचार ठरतात. थोडं फाटलं असेल तर विश्रांती आणि फिजिओथेरपी पुरते.

दुखापत झाल्यापासून दोन-तीन दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा, आणि शक्य असेल तर खांदा-कोपराचं काम नेहमी करणाऱ्यांकडे. तोपर्यंत हात झोळीत ठेवा, बर्फ कापडात गुंडाळून लावा. मालीश करून घेऊ नका, हात ‘बसवून’ घ्यायला कुणाकडे जाऊ नका. तुटलेली दोरी चोळून जोडली जात नाही, आत रक्तस्राव मात्र वाढतो.

ऑपरेशन हवंच का?

हवंच असं नाही. वय जास्त असेल, जड काम नसेल, इतर आजार असतील, तर ऑपरेशनशिवायही रोजचं आयुष्य चालतं. पण हिशेब माहीत असावा. पूर्ण तुटलेलं टेंडन तसंच सोडलं तर तळहात फिरवण्याची ताकद साधारण ४० टक्के आणि कोपर वाकवण्याची साधारण ३० टक्के कमी होते. लिहिण्या-वाचण्याचं काम असणाऱ्याला हे चालेल. ज्याला पुन्हा रॉड उचलायचा आहे, किंवा जो फिटर, सुतार, मेकॅनिक आहे, त्याला बहुधा चालणार नाही.

ऑपरेशन करायचं ठरलं तर पहिल्या दोन ते तीन आठवड्यांत झालेलं उत्तम. तुटलेलं टोक रबरासारखं वर आखडतं आणि आजूबाजूला चिकटतं. सुरुवातीला ते सहज खाली आणून हाडाला छिद्र पाडून छोट्या धातूच्या बटणाने किंवा अँकरने बसवता येतं. दीड-दोन महिन्यांनी तेच टोक हाडापर्यंत पोचेनासं होऊ शकतं. मग शरीराच्या दुसऱ्या भागातून टेंडनचा तुकडा घेऊन जोड द्यावा लागतो. म्हणजे ऑपरेशन मोठं, सावकाशीचं, आणि निकालही थोडा कमी भरवशाचा. उशीर झाला म्हणून सगळं संपलं असं नव्हे, पण सोपा रस्ता हातचा जातो.

ऑपरेशननंतर कोपरापासून मनगटापर्यंत बाहेरच्या कडेला बधिरपणा येऊ शकतो. तिथून जाणारी एक बारीक नस ओढली गेल्यामुळे तो येतो. हा सर्वांत जास्त आढळणारा त्रास आहे आणि बहुतेकांचा काही आठवड्यांत-महिन्यांत जातो. बोटं आणि अंगठा वर उचलता येत नसेल तर मात्र ती वेगळी नस असते, तेव्हा लगेच कळवा. क्वचित कोपराजवळ नको तिथे हाड वाढून हात फिरवणं अडतं.

बरं व्हायला लागणारा वेळ

पहिला एक-दोन आठवडा हात पट्टीत, कोपर साधारण काटकोनात असतं. बोटं हलवत राहा, खांदा फिरवत राहा. त्यानंतर बिजागरीची पट्टी देतात आणि कोपर दर आठवड्याला थोडं थोडं जास्त सरळ करू देतात. साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत ते पूर्ण सरळ व्हावं असं बघितलं जातं. प्रत्येक सर्जनचा आराखडा थोडा वेगळा असतो, कारण टेंडन किती ताणून बसवलं हे फक्त त्यांनाच माहीत असतं. म्हणून मित्राचा तक्ता उचलू नका.

या सहा आठवड्यांत त्या हाताने चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही. जिमपेक्षा घर धोक्याचं असतं ते इथे. पाण्याची १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलो. धावत आलेलं मूल, अडकलेला दरवाजा, पिळायचे कपडे, बसमध्ये वरचा दांडा धरून अचानक बसलेला ब्रेक. पुन्हा टेंडन सुटण्याचं प्रमाण कमी आहे, साधारण शंभरात एक-दोन, पण ते बऱ्याचदा याच काळात आणि अशाच एखाद्या क्षणी होतं. दुचाकीही नको. क्लच दाबता येतो म्हणून गाडी चालवता येते असं नाही; खड्डा आला की सगळा झटका कोपरावर येतो.

सहा आठवड्यांनंतर पट्टी निघते, स्वतःच्या जोराने हात वाकवणं-फिरवणं सुरू होतं, मग अर्धा-एक किलोचा डंबेल किंवा हलका रबर बँड. तीन महिन्यांच्या आसपास खऱ्या ताकदीचे व्यायाम सुरू होतात.

आणि धोका इथेच आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हात दुखत नाही, स्नायू भरायला लागतो, जुनी वजनं हलकी वाटतात. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे त्याची ताकद काही आठवड्यांत परतते. टेंडनचं तसं नाही. हाडाला चिकटलेल्या जागी आधी कच्चे, अस्ताव्यस्त तंतू तयार होतात आणि ते ताणाच्या दिशेने सरळ, घट्ट व्हायला कित्येक महिने जातात. हे काम वर्षभर चालू राहतं. स्नायू ‘तयार’ म्हणतो तेव्हा टेंडन तयार असतंच असं नाही, आणि न दुखणं हा त्याचा पुरावा नाही. त्यामुळे वजन वाढवताना अंगातला उत्साह बघू नका, कॅलेंडर आणि फिजिओथेरपिस्टची मोजणी बघा.

जड ओढण्याचे प्रकार, म्हणजे डेडलिफ्ट, रोइंग, पुल-अप, साधारण पाच-सहा महिन्यांनी, सर्जनच्या परवानगीने. सुरुवात हलक्या वजनाने आणि सावकाश, झटका न देता. दोन्ही हातांची ताकद मोजून दुखऱ्या हाताची चांगल्या हाताशी तुलना करून घ्या.

मधले महिने वाया जात नाहीत

पायांचा व्यायाम चालू ठेवता येतो. लेग प्रेस, लेग एक्स्टेंशन चालेल. खांद्यावर रॉड घेऊन स्क्वॉट नको, कारण तो धरायला कोपर लागतं. चांगल्या हाताचा व्यायाम अवश्य करा. एका हाताला ताकदीचा व्यायाम दिला तर बंद ठेवलेल्या हाताची ताकदही थोडी टिकते, कारण ताकदीचा काही भाग मेंदू आणि नसांच्या सवयीचा असतो. ट्रेडमिलवर पळणं सुरुवातीला टाळा, तोल गेला तर तोच हात पुढे येतो. आणि ‘व्यायाम नाही तर वजन उतरवू’ म्हणून जेवण तोडू नका. जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, अंडी, दूध, मासे, जे खाता ते पुरेसं खा. सिगारेट-विडी मात्र या काळात बंदच.

परतल्यावर मिक्स्ड ग्रिप पुन्हा धरायची की नाही, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझं मत असं की स्पर्धेत उतरत नसाल तर ती सोडून द्या. दोन्ही तळहात अंगाकडे ठेवा, पकड सुटत असेल तर पट्टे वापरा. स्पर्धेत पट्टे चालत नाहीत म्हणून ती धरावीच लागली, तर वर्षभरानंतर, कोपर पूर्ण सरळ ठेवून, आणि दुरुस्त केलेल्या हाताचा तळहात अंगाकडे ठेवून. दुसऱ्या हातावरही लक्ष ठेवा, कारण एका बाजूचं टेंडन तुटलेल्यांमध्ये दुसऱ्या बाजूचं तुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्या कोपराच्या घडीत वजन उचलताना खोल, बारीक दुखणं सुरू झालं आणि दोन आठवडे टिकलं, तर ‘टप्’ आवाजाची वाट न बघता दाखवून या.