सागरी जीवाणूंपासून नवी प्रतिजैविके : शोध आणि उत्पादन

जमिनीतील ॲक्टिनोमायसीट गटाच्या जीवाणूंनी १९४० नंतरच्या काही दशकांत स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके दिली. पुढे मातीच्या नव्या नमुन्यांतूनही ज्ञात संयुगेच पुन्हा पुन्हा मिळू लागली. रोगजंतूंची प्रतिरोधक्षमता मात्र वाढत गेली. संशोधकांचे लक्ष सागरतळाकडे वळण्याचे हे प्रमुख कारण होय.

सागरतळाचा गाळ प्रथम वाळवतात किंवा त्यास सौम्य उष्णता देतात. त्यामुळे झपाट्याने वाढणारे बरेच जीवाणू मरतात व बीजाणू निर्माण करणारे ॲक्टिनोमायसीट टिकतात. मग समुद्राचे पाणी व अल्प पोषकद्रव्ये असलेल्या माध्यमावर त्यांची वाढ केली जाते. वसाहती दिसण्यास कित्येक आठवडे लागू शकतात; घाई करणाऱ्याच्या हाती नेहमीचेच जीवाणू येतात.

जपानच्या समुद्रात २८९ मीटर खोलीवरील गाळात सापडलेल्या व्हेरुकोसिस्पोरा जीवाणूपासून मिळालेले ॲबिसोमायसिन-सी २००४ मध्ये प्रसिद्धीस आले. या शोधातील चाचणी विशेष उल्लेखनीय आहे. जीवाणूची वाढ थांबते का, एवढेच न पाहता माध्यमात पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्ल मिसळल्यावर तो परिणाम नाहीसा होतो का, हेही पाहण्यात आले. फोलेटनिर्मितीसाठी जीवाणूंना हे आम्ल लागते. सल्फा औषधे या मार्गावरील पुढची पायरी रोखतात, तर ॲबिसोमायसिन आम्लाची निर्मितीच रोखते. मानवी पेशींत हा मार्ग नसतो. मेथिसिलिन-प्रतिरोधी स्टॅफिलोकोकसवरही ते प्रभावी ठरले. तथापि त्याचे औषध अद्याप झालेले नाही.

खरी कसोटी उत्पादनाची असते. सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका या जीवाणूपासून सॅलिनोस्पोरामाइड-ए मिळते. ते कर्करोगविरोधी संयुग असले, तरी त्याच्या उत्पादनातील अडचणी प्रतिजैविकांनाही लागू पडतात. या जीवाणूस खारे माध्यम लागते आणि मिठातील क्लोराइडमुळे पोलादी किण्वनपात्र गंजते. म्हणून कमी सोडियमची माध्यमे विकसित करावी लागली. शिवाय हे संयुग पाण्यात विघटित होते. त्यास वेळीच शोषून घेण्यासाठी माध्यमात राळ घालावी लागते.

याच जीवाणूच्या जनुकसंचात २००७ मध्ये अशा संयुगांच्या निर्मितीशी निगडित १७ जनुकसमूह आढळले. सागरी जीवाणूंतील असे अनेक समूह प्रयोगशाळेत निष्क्रिय राहतात. सॅकॅरोमोनोस्पोरा या सागरी जीवाणूतील असाच एक समूह यीस्टच्या साहाय्याने अखंड उचलून स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरमध्ये बसवण्यात आला. त्यातील एक निरोधक जनुक वगळल्यावर, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्याप्रमाणे, डॅप्टोमायसिनशी साम्य असलेले टॅरोमायसिन-ए हे प्रतिजैविक मिळाले, तेही जमिनीवरील जीवाणूकडून.